गुडघ्याच्या पुडीवाल्या महाशयांस

महाशय,

तुमची पुडी लागू पडते, हे मी पहिल्याच ओळीत मान्य करते. सकाळी उठताना खाटेचा आधार घ्यावा लागणारी बाई तुमची पुडी सुरू केल्यावर आठवड्याच्या आत ताठ चालायला लागते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ती लागू पडते म्हणूनच हे पत्र लिहायला घेतलं. कागदात नुसती राख बांधली असती तर लोकांचे पैसे बुडाले असते, चार शिव्या तुम्हाला बसल्या असत्या आणि विषय तिथेच मिटला असता. तुमच्या पुडीत राख नाही. तिच्यात औषध आहे. कोणतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. घेणाऱ्याला मात्र तुम्ही ते कळू देत नाही.

मी तालुक्याच्या गावात औषधाचं दुकान चालवते. तुमच्यातला कोणी आठवडी बाजारात बसतो, कोणी जत्रेत, कोणी एसटी स्टँडाबाहेर. हल्ली मोबाइलवरच्या जाहिरातीतूनही तुम्ही घरात शिरता. गाव बदलतं, पाटीवरचं नाव बदलतं, माल बदलत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तपकिरी पूड, नाहीतर बिनलेबलाच्या डबीतल्या काळ्या गोळ्या. बोलणंही ठरलेलं. ‘शंभर टक्के जडीबुटी. गुडघ्यातलं वंगण परत येतं. वाटी बदलायची गरज नाही. साइड इफेक्ट शून्य. डॉक्टरी गोळ्या बंद करा, त्या किडनी खातात.’ म्हणून हे पत्र तुमच्यापैकी एकाला नाही, सगळ्यांना मिळून आहे.

माझ्या दुकानात वर्षानुवर्षं येणाऱ्या एका काकूंबद्दल सांगते. भाताच्या लावणीत चिखलात वाकून त्यांचा जन्म गेला. साठी उलटली आणि गुडघे बोलायला लागले. उतार उतरताना कटकट, मांडी घालून बसायची सोय नाही, संडासला बसलं की उठताना जीव जायचा. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून झीज सांगितली, व्यायाम सांगितला, वजन उतरवायला सांगितलं, थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या. काकू दर महिन्याला बीपीची गोळी माझ्याकडून न्यायच्या. मग त्या येईनाशा झाल्या. पुढे त्यांची सून आली ती साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन. काकूंना त्याआधी साखर नव्हती.

काही दिवसांनी काकू स्वतः आल्या. चेहरा गोल झाला होता, गाल लाल, पोट पुढे आलेलं, हातपाय मात्र बारीक. मनगटावर बांगडी घासते तिथे जांभळे डाग. ‘काय घेताय?’ विचारलं तर म्हणाल्या, ‘साखरेची सोडली तर डॉक्टरी नाही गं काही. बीपीचीपण बंद केली, पुडीवाल्यानंच सांगितलं.’ बटव्यातून तुमची पुडी काढली. चौकोनी घडी, आत चमचाभर पूड, वर एक अक्षर नाही. ‘गुडघा बघ कसा वाकतोय,’ म्हणत दुकानाच्या पायरीवर त्यांनी मला बसून-उठून दाखवलं. तो आनंद खरा होता. त्यांना मी तेव्हाच डॉक्टरकडे जायला सांगितलं, पुडी बरोबर न्या आणि एकदम बंद करू नका म्हणून बजावलं. पण माझ्या सांगण्यापेक्षा त्यांच्या गुडघ्याची साक्ष जड होती.

मग एका बाजाराला तुम्ही आलाच नाहीत. पुडी संपली. चार दिवसांत काकूंना उलट्या, चक्कर, अंथरुणातून उठवेना इतका अशक्तपणा. रुग्णालयात पोचल्या तेव्हा बीपी पार खाली गेलं होतं. डॉक्टरांनी मुलाला विचारलं, ‘कोणती गोळी चालू होती?’ मुलगा शपथेवर म्हणाला, ‘साखरेची सोडली तर कोणतीच नाही, साहेब. आयुर्वेदिक चालू होतं.’ तो खोटं बोलत नव्हता. तुम्ही सांगितलं तेच त्यानं सांगितलं. डॉक्टरांचा तेवढा वेळ अंधारात चाचपडण्यात गेला. शेवटी चेहऱ्याची गोलाई आणि अंगावरचे डाग पाहून त्यांना शंका आली. रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, तपासलं, ते जवळजवळ नव्हतंच. बाहेरून स्टिरॉइड येत राहिलं की शरीर आपलं स्वतःचं बनवणं थांबवतं. मग बाहेरचं एकाएकी बंद झालं की शरीरापाशी काहीच उरत नाही. काकूंचं तेच झालं होतं. त्या वाचल्या. पुढे कित्येक महिने त्यांना हायड्रोकॉर्टिसोनची गोळी हळूहळू कमी करत न्यावी लागली. पुडीवर तुम्ही लेबल लावलं नव्हतं. ते काकूंच्या अंगावर उमटलं.

ही युक्ती फक्त तुमचीच नाही. अमेरिकेत सांधेदुखीवर ‘अर्ट्री किंग’ नावाच्या पूरक गोळ्या विकल्या जात होत्या. २०२२ मध्ये तिथल्या एफडीएने त्या तपासल्या, तेव्हा लेबलवर न छापलेली दोन औषधं सापडली: डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन. पहिलं वेदनाशामक, दुसरं जबर स्टिरॉइड. यकृताला इजा झाल्याच्या आणि मृत्यूच्याही तक्रारी आल्यावर एफडीएने लोकांना जाहीर इशारा दिला. त्या इशाऱ्यातही हेच बजावलेलं होतं की गोळ्या मनाने एकदम थांबवू नका, आधी डॉक्टरला भेटा. जोडगोळी जगभर हीच का निवडली जाते? कारण दोन्ही स्वस्त आहेत, दोन्ही पटकन काम करतात, आणि दुखणं थांबलं की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. तुमचा सगळा धंदा त्या न विचारलेल्या प्रश्नावर उभा आहे.

वंगणाची गोष्ट आधी मिटवू. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे डॉक्टरांनी काकूंना सांगितलेल्या झिजेत, हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते, खालचं हाड बदलतं, सांध्याचं अस्तर सुजतं, भोवतीचे स्नायू दुबळे होतात. झिजलेली कूर्चा पुन्हा उगवेल अशी पोटात घ्यायची एकही गोळी आजवर सिद्ध झालेली नाही. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन लोक हौसेने घेतात. त्यांची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, २००६ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले: दीड हजारांवर रुग्ण, आणि सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर त्या गोळ्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. म्हणजे पोटातून घ्यायचं औषध या आजारात वेदना आणि सूज कमी करतं, तेवढ्या काळात माणसाला चालतं-फिरतं ठेवतं. ही काही लहान गोष्ट नाही. पण दुखणं थांबलं म्हणजे गुडघा भरून आला, हे तुमचं म्हणणं धादांत खोटं आहे.

ही वेदना कमी कशी होते, तेही ऐका, कारण धोका त्याच जागी आहे. ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. सुजलेल्या सांध्यात ही द्रव्यं वेदना वाढवतात. पण हीच जठराच्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करतात, आणि शरीरात पाणी कमी पडलं की किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळीला गुडघ्याचा पत्ता देता येत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते. म्हणून डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन यांतली कोणतीही गोळी देताना देणाऱ्याला आधी काही गोष्टी विचाराव्या लागतात. तुम्ही त्यातली एकही विचारली नाहीत. ज्या काकूंकडून तुम्ही पैसे मोजून घेतलेत, त्यांना विचारायला हवे होते ते प्रश्न मी इथे लिहिते. तुमच्या गिऱ्हाइकांनीही ते वाचावेत.

पहिला प्रश्न: पोटात कधी अल्सर झाला होता का, शौचाला काळं झालं होतं का, वय किती? अल्सर झालेल्या किंवा साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसाला या गोळ्यांनी जठरातून रक्तस्राव व्हायची भीती जास्त. ‘जेवून घेतली की काही होत नाही’ हा समज घरोघर आहे. जेवणानंतर घेतल्याने मळमळ कमी होते, पण अल्सरचा धोका जात नाही, कारण औषध रक्तात मिसळूनही जठराला इजा करतं. इंजेक्शन घेतलं तरी ती होते. म्हणून डॉक्टर बरोबर पॅन्टोप्राझोलसारखी गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. आणि ती गोळी पोट सांभाळते, किडनी आणि हृदय नाही, हेही सांगावं लागतं.

दुसरा प्रश्न: बीपीची कोणती गोळी चालू आहे? टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांपैकी एखादी, तिच्या जोडीला लघवी वाढवणारी गोळी, आणि वर वेदनाशामक, असं त्रिकूट जमलं की किडनी अचानक बंद पडू शकते. बीपीच्या कितीतरी स्ट्रिपांवर नावाशेजारी ‘एच’ असतं, त्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध आधीच मिसळलेलं असतं. उन्हाळ्यात, जुलाब-उलट्यांत, तापात अंगातलं पाणी कमी झालं की धोका आणखी वाढतो. अशा दिवशी वेदनाशामक थांबवायचं आणि डॉक्टरला विचारायचं. तुम्ही काकूंना नेमकं उलटं सांगितलंत: बीपीची गोळी बंद करा आणि आमची चालू ठेवा. बीपी वाढवणारी दोन औषधं पोटात, आणि ते आवरणारी गोळी बंद.

तिसरा प्रश्न: हृदयाचा त्रास आहे का, लकवा येऊन गेला का, पायावर सूज येते का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? हृदयविकार, हार्ट फेल्युअर किंवा लकवा झालेल्या माणसाला डायक्लोफेनॅक देऊ नये, असं युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याने आयबुप्रोफेन घेतलं तर ॲस्पिरिनचं संरक्षण कमी होऊ शकतं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनवर असलेल्या माणसाला यांतली कोणतीही वेदनाशामक गोळी दिली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

चौथा प्रश्न: किडनीची तपासणी कधी केली, क्रिएटिनिन किती? साध्या रक्ततपासणीत हा आकडा कळतो. मधुमेह आणि बीपी असलेल्यांत किडनी आधीच थकलेली असू शकते आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो.

पाचवा प्रश्न: दुसरं काय घेता? कारण दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळीतही वेदनाशामक असतं. ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी घेणारा माणूस ताप आला की वर पॅरासिटामॉल घेतो आणि एकाच औषधाचा दोनदा डोस होतो. धडधाकट मोठ्या माणसासाठी पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. म्हाताऱ्या, किरकोळ अंगाच्या किंवा दारू घेणाऱ्या माणसाला ती खाली आणावी लागते, नाहीतर यकृत जातं. आता सांगा, तुमच्या पुडीत डायक्लोफेनॅक असेल आणि काकूंनी कंबरदुखीला दुसऱ्या कुणाकडून तेच घेतलं असेल, तर हा हिशेब कोणी करायचा?

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांच्या गोळ्यांनी काय कमी माणसं मेली? म्हणाल म्हणून मीच सांगते. रोफेकॉक्सिब नावाची गोळी १९९९ मध्ये ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी बाजारात आली. ‘व्हायॉक्स’ या नावाने मर्क या बड्या कंपनीने ती विकली. पोटाला कमी त्रास हा तिचा मोठा गुण. पण २००० मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत नॅप्रॉक्सेन घेणाऱ्यांपेक्षा ही गोळी घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. कंपनीने त्याचं श्रेय नॅप्रॉक्सेनला दिलं. दुसऱ्या चाचणीत खोट्या गोळीशी तुलना झाली, तेव्हा झटके आणि लकवे सुमारे दुप्पट निघाले. ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीला जगभरातून ती गोळी मागे घ्यावी लागली. भारतानेही तिच्यावर बंदी घातली. पुढे २००७ मध्ये ४८५ कोटी डॉलरच्या तडजोडीला कंपनीला तयार व्हावं लागलं.

त्या गोळीने माणसं दगावली, हे मी झाकत नाही. मला तुम्हाला दाखवायचं आहे ते पुढचं: तिचा गुन्हा उघडकीस कसा आला. गोळीला नाव होतं. डोस ठरलेला होता. कोणी किती दिवस घेतली याची नोंद होती. म्हणून आकडे मांडता आले, बोट ठेवता आलं, कोर्टात खेचता आलं. तुमची पुडी कुणाच्या हृदयावर, कुणाच्या किडनीवर उठली, याची नोंद कुठल्या वहीत आहे? गावात म्हातारी गेली की लोक म्हणतात, वय झालं होतं. डायलिसिस सुरू झालं की म्हणतात, साखरेमुळे. तुमचं नाव कुठेच येत नाही, आणि ते येऊ नये याची तजवीज तुम्ही पुडी बांधतानाच केलेली असते.

डायक्लोफेनॅक किडनीवर कसं उठू शकतं, याचा एक पुरावा या देशानेही पाहिला आहे. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं भराभर मरायला लागली. कारण कळेना. २००४ मध्ये संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात तशाच मेलेल्या गिधाडांच्या किडन्या तपासल्या आणि त्यांत डायक्लोफेनॅक सापडलं. हे औषध दिलेली जनावरं मेल्यावर गिधाडं ती खात होती आणि किडनी बंद पडून मरत होती. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पक्ष्याची किडनी आणि माणसाची किडनी सारखी नाही. जो डोस गिधाडाला मारतो तो माणसाला मारत नाही. पण मेलेल्या पक्ष्याची किडनी उघडून कोणीतरी विचारलं, यानं काय खाल्लं होतं? काकूंच्या मुलाला हाच प्रश्न विचारला गेला, तेव्हा उत्तर त्याच्या घरातून तुम्ही आधीच काढून नेलं होतं.

लोक तुमच्याकडे का येतात, हेही मला समजतं. दवाखान्यात रांग मोठी, डॉक्टरला वेळ थोडा, ‘झीज आहे, वय झालं’ एवढ्यावर बोळवण होते. शस्त्रक्रियेच्या खर्चाने पोटात गोळा येतो. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, तरी रुग्णालयाचा बाकीचा खर्च राहतोच. माझ्या धंद्यातली काही माणसंही चिठ्ठी न बघता वेदनाशामकाच्या स्ट्रिपा हातावर ठेवतात. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही चिठ्ठीवरच द्यायची औषधं आहेत, आणि ती तशी न देणारा दुकानदारही दोषी आहे. पण त्यानं दिलेल्या स्ट्रिपवर औषधाचं नाव असतं, मिलिग्रॅम असतात, बॅच नंबर असतो. ती स्ट्रिप घेऊन कोणालाही शहाण्या माणसाकडे जाता येतं. लोकांची अडचण खरी आहे. त्या अडचणीवर पोट भरायला तुम्ही निवडलेला मार्ग मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्याचा आहे.

आणि आयुर्वेदाचं नाव मध्ये आणू नका. परवानाधारक आयुर्वेदिक औषधावर सगळे घटक, त्यांचं प्रमाण, परवाना क्रमांक, बॅच आणि बनवणाऱ्याचा पत्ता छापावा लागतो. नाडी बघून, पथ्य सांगून, नाव लिहून औषध देणारे वैद्य तुमच्यामुळे बदनाम होतात. डेक्सामेथासोन कुठल्याही झाडाला लागत नाही. जादूच्या उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे, आणि ज्या आजारांवर बरं करण्याची जाहिरात करायला त्यात मनाई आहे त्या यादीत संधिवातही आहे.

तुमच्या तोंडून काकूंना कधीच ऐकायला मिळालं नाही, ते आता मी सांगते. गुडघ्याच्या झिजेत पोटातली गोळी ही पहिली पायरी नाही. आधी मांडीचे स्नायू बळकट करायचे: खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा, उताणं झोपून सरळ पाय उचलायचा, रोज, महिनोन्‌महिने. वजन जास्त असेल तर उतरवायचं. शरीराचं १ किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी धरायची. जमिनीऐवजी खुर्ची, उकिडव्या बसण्याच्या संडासऐवजी कमोड किंवा बाजारात मिळणारी कमोडची खुर्ची. मग वेदनाशामक मलम: ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्यासाठी पोटातल्या गोळीच्या आधी हेच येतं, कारण रक्तात फार थोडं औषध जातं. एवढ्याने भागलं नाही तर पोटातली गोळी. एकावेळी एकच वेदनाशामक, उपयोग होईल तेवढा कमीत कमी डोस, लागतील तेवढेच थोडे दिवस, गरज असेल तर बरोबर पोटाची गोळी, आणि आधी व मधूनमधून बीपी व क्रिएटिनिनची तपासणी. काळी चिकट शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणं, पाय किंवा चेहरा सुजणं, दम लागणं, छातीत दुखणं यातलं काहीही झालं की ती गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. इतकं करून औषध निर्धोक होत नाही, पण धोका डोळ्यांसमोर राहतो आणि वेळेत आवरता येतो. काकू आज याच वाटेने चालल्या आहेत. त्यांचा गुडघा तुमच्या पुडीइतका वाकत नाही. पण त्या काय घेतात, किती घेतात आणि कधी थांबायचं, हे त्यांना आणि त्यांच्या सुनेला पाठ आहे.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. एक: आजवर ज्यांना पुडी दिलीत त्यांच्यापर्यंत निरोप पोचवा की ती एकदम बंद करू नका, उरलेली पुडी घेऊन डॉक्टरकडे जा आणि ‘यात स्टिरॉइड असू शकतं’ असं सांगा. ज्या बाजारात पुड्या विकल्यात त्याच बाजारात उभं राहून हे सांगा; यात उशीर केलात तर कुणाचा तरी जीव जाईल. दोन: ‘डॉक्टरी गोळ्या बंद करा’ हे वाक्य पुन्हा कधी उच्चारू नका. तीन: ज्या औषधाचं नाव तुम्हाला लिहून देता येत नाही, ते विकणं आजपासून बंद करा.

तुम्ही हे कराल याची वाट पाहत मी बसणार नाही. पुडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायला सांगते. औषधाचा त्रास झाला तर देशाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर कळवायला सांगते. आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सासू-सुनांना, मुलांना मी काही प्रश्न शिकवते आहे: यात कोणतं औषध आहे, किती आहे, किती दिवस घ्यायचं, आणि परवाना नंबर काय? पुढच्या बाजाराला तुमच्या पाटीपुढे उभं राहून कोणीतरी ते विचारेल. उत्तर कागदावर लिहून, खाली सही करून द्या. ते देता येत नसेल तर पाटी उचला.

तालुक्याच्या गावातली एक औषधविक्रेती